ललिताचा शुद्ध आवाज

३ जानेवारी, शनिवार

नव्या वर्षाची दैनंदिनी तिसऱ्या दिवशी सुरू होत आहे. वहीवाल्याने वही दिली नव्हती. माझा आळस नव्हे.

ललिताला निवडणुकीची निशाणी मिळाली. इस्त्री. तिने शिट्टी मागितली होती. संध्याकाळी पाया पडायला आली तेव्हा चेहरा पडलेला होता. “बाई, लोक हसतील,” म्हणाली. मी म्हटले, “शिट्टी पोलिसाकडे असते आणि कुकरला असते. इस्त्री घरोघरी असते. सरळ उभी राहा.”

ती माझी विद्यार्थिनी. धुळ्यात देवपुरातल्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते, तेव्हाची. आता शिवणवर्ग चालवते, कॉलनीचे महिला मंडळ चालवते आणि महापालिकेला अपक्ष उभी आहे. नवरा चुडामण मंडपाचा धंदा करतो, त्यामुळे सभेला खुर्च्या कमी पडणार नाहीत, माणसे पडतील. समोर भाविका आहे. म्हणजे कागदावर भाविका; हात जोडत फिरतो तिचा नवरा कुंदन. फलकावर त्याचा फोटो तिच्यापेक्षा मोठा आहे.

ललिताचे एक मला आवडते. बाहेर ती सगळ्यांशी अहिराणीत बोलते, भाजीवाल्याशी, मंडळात, भांडणातही. माझ्या दारात पाऊल टाकले की तोंडातून एक ‘शे’ निघत नाही. वर्गात ‘शे’ म्हणणाऱ्या मुलीला मी फळ्यावर ‘आहे’ लिहायला लावत असे, फळा भरेपर्यंत. लोक नावे ठेवत. फळ दिसते आहे. दुर्दैव एवढेच की ती माझ्याकडे नेहमी एकटी येते; तिची ही भाषा कॉलनीत कोणी ऐकलेली नाही.

५ जानेवारी, सोमवार

सकाळी पांझरेच्या काठाने फिरताना तोताराम भेटले. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी माणसे मोजत चालतात. त्यांच्या मते एआय आल्यावर नगरसेवकाची गरज नाही. “बाई, मशीनला सांगायचं, गटार तुंबली. मशीन म्हणेल, तक्रार नोंदवली. नगरसेवक तरी दुसरं काय म्हणतो?”

मी म्हटले, “मशीन मते मागायला दारात येणार नाही, एवढा फायदा.”

“तेबी येईल. फोनवर येईलच की. मला परवा एका पुढाऱ्याचा फोन आला, माझं नाव घेऊन विचारलं, तोतारामभाऊ कसे आहात. मी सांगितलं, गुडघा दुखतो. तरी तो बोलतच राहिला.”

शेजारच्या यशोदाबाईंचे मत वेगळे आहे. एआय-बियाय काही नको, कॅमेरा हवा. दिवाळीच्या आधी दूध आणायला जाताना मोटारसायकलवाल्याने त्यांची सोन्याची पोत ओढायचा प्रयत्न केला. पोत वाचली, मान सुजली. त्यानंतर ललिताच्या मंडळाने वर्गणी काढून चौकात आणि गल्लीच्या तोंडाला कॅमेरे बसवले. तेव्हापासून चोरी नाही. यशोदाबाई पोत घालून पहाटे दुधाला जातात आणि जाताना कॅमेऱ्याला हात जोडतात. “देव बठ्ठा ठिकाने देखस का नही, माले माहीत नही. हाऊ देखस.” हा बघतो, म्हणजे कॅमेरा.

मीही त्याच्याखालून जाताना पदर सारखा करते. चौकातल्या भिंतीवर आता कोणी थुंकत नाही. ललिताच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत तेच आहे: ‘सुरक्षित प्रभाग, करून दाखवला.’ ‘दाखवला’ बरोबर. मीच तपासून दिले होते.

७ जानेवारी, बुधवार

ललिताचा निरोप आला, लिहून नव्हे, बोलून. फोनमधली ही सोय मला आवडू लागली आहे. ऐकताना हात मोकळे राहतात. मेथी निवडत ऐकला आणि मेथी बाजूला ठेवून पुन्हा ऐकला. जसाच्या तसा उतरवते.

“नमस्कार. ललिता बोलते आहे. एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून आपल्याला त्रास देते. आपल्या कॉलनीतले कॅमेरे बंद आहेत. बंद म्हणजे ते कधी सुरूच झाले नाहीत. तारा खांबापर्यंत येतात आणि तिथेच संपतात. जोडणारा माणूस येतो येतो म्हणाला, आला नाही. चोऱ्या थांबल्या, म्हणून मीही गप्प बसले. आता त्याच कॅमेऱ्यांवर मते मागते आहे. हे योग्य नाही, हे मला कळते. काय करावे?”

वाक्यरचना निर्दोष. मजकूर भयंकर.

उत्तर फोनवर देण्यासारखे नाही. तिला समोर बसवून सांगणार, की लोकांना सांगून टाक. आज ती प्रचारात असेल. उद्या बोलावते.

यशोदाबाईंनी वरणात कुस्करायच्या बट्टीच्या पिठाचे प्रमाण बोलून पाठवले होते. जळगावच्या शालिग्रामनानाच्या सुनेला, सुनिताला, ते हवे होते. नाना माझा थोरला भाऊ. त्याला लगेच पुढे पाठवले. हे बोलके निरोप दिसायला सगळे सारखेच, एक हिरवी रेघ आणि एक त्रिकोण. पण जमले. दोन निळ्या खुणा आल्या. नानाचे उत्तर: “बाप रे. हे खरं आहे का?” नाना पूर्वीपासून प्रत्येक गोष्टीचे नाटक करतो. मी लिहिले, “शंभर टक्के खरे. मी स्वतः खात्री केली आहे.” त्याने विचारले, “पुढे पाठवू का?” मी लिहिले, “खुशाल पाठव. घरोघरी कळू दे.”

चांगली बट्टी जितक्या घरांत होईल तितके बरे.

८ जानेवारी, गुरुवार

अनर्थ. ललिताचा तो निरोप धुळेभर फिरतो आहे. सकाळी दूधवाल्याच्या फोनवर ऐकला. नंतर तोतारामांच्या, नंतर रिक्षात. कुंदनची माणसे तर गाडीवर भोंगा लावून वाजवत होती. “कॅमेरे कधी सुरूच झाले नाहीत,” असे ललिताच्या आवाजात ऐकत मी भाजी घेतली. वांगी कडू निघाली.

माझ्या फोनमध्ये कोणीतरी शिरले, हे उघड आहे. वर्तमानपत्रात रोज येते. तोतारामांना (कारण न सांगता) विचारले, की फोनमधले चोरीला जाऊ नये म्हणून काय करावे. ते म्हणाले, “स्टीलच्या डब्यात ठेवा. स्टीलमधून लहरी जात नाहीत.” फोन तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला आहे. झाकण घट्ट लावले.

ललिताला घरी निरोप धाडला. आली नाही. संध्याकाळी चुडामण फाटकासमोरून गेला, हाक मारली तर “गडबडमा शे बाई,” म्हणून माझ्याकडे न बघताच पुढे गेला. दमला असावा.

९ जानेवारी, शुक्रवार

आजच्या दिवसात मी माणसांविषयी जे शिकले ते पस्तीस वर्षे शिकवून कळले नव्हते.

तो आवाज खोटा आहे, असे कॉलनीने ठरवले. सकाळी चौकात न्यायालयच भरले होते. तोताराम म्हणाले, “सरळ गोष्ट आहे. ही ललिता नाही, एआय आहे. ललिता कधी म्हणते का, ‘हे योग्य नाही, हे मला कळते’? ललिता म्हणेल, ‘हाई बरं नही.’ मशीन पुण्यामुंबईकडचं. त्याला अहिराणी कुठून येणार?”

“आवाज तर तिनाच वाटस,” दूधवाला म्हणाला.

“आवाज चोरता येतो. भाषा कशी चोरतील? ‘आपल्याला त्रास देते’ म्हणे. ललितानं कधी कुणाला विचारून त्रास दिलाय का?”

सगळे हसले. मग कुंदन स्वतः आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “आम्ही बनवलेलं नाही. आमच्याकडं एवढं चांगलं एआय असतं तर मी स्वतःची भाषणं नसती का करून घेतली?” हे सगळ्यांना पटले.

दुपारी ललिताने जाहीर करून टाकले: आवाज माझा नाही, यंत्राने केलेला बनाव आहे. चुडामणने तसा फलकही लावला. मंडपवाल्याचे हेच, फलक तासाभरात.

आणि मग सगळे माझ्याकडे आले. “बाई, तुम्ही तिला शिकवलं. तुम्हीच सांगा, हा तिचा आवाज आहे का?” गॅलरीत मी, खाली सगळी गल्ली. मला खोटे बोलता येत नाही. खरे बोलले असते तर मुलगी तिथेच संपली असती. मी म्हटले, “व्याकरण निर्दोष आहे.”

तोताराम गर्रकन वळले. “ऐकलं? बाईसुद्धा म्हणतात, मशीन आहे.”

मी तसे म्हटले नव्हते. पण आत येऊन बसले तेव्हा बरे वाटत नव्हते.

यशोदाबाई सर्वांत खूश. आवाज खोटा म्हणजे कॅमेरे चालू. संध्याकाळी मला म्हणाल्या, “आते ते मी बांगड्याबी घालीसन जास.” त्यांना काय सांगायचे ते तोंडावर आले होते. सांगितले तर तासाभरात सगळ्या प्रभागाला कळणार. “अहो, पहाटे थंडी असते, उजाडल्यावर जा,” एवढेच म्हणाले. त्या म्हणाल्या, थंडीत चोर कसा येईल.

यशोदाबाईंना काही झाले तर दोष कोणाचा? ललिताचा. आणि ज्याने माझा फोन फोडला त्याचा.

११ जानेवारी, रविवार, जळगाव

नानाकडे जेवायला बोलावणे होते. धुळ्यातून निघून गेलेले बरे वाटले. एसटीत पारोळ्यापर्यंत मागच्या बाकावर दोघे भांडत होते, एक म्हणे देशाची सुरक्षा आधी, दुसरा म्हणे आधी या सीटची. सीट खरोखरच हलत होती.

नानाचे फोनवेड वाढले आहे. त्याने आप्पांचा, आमच्या वडिलांचा, जुना फोटो एआयला देऊन त्यात हालचाल भरली आहे. आप्पा केळीच्या बागेतून चालत येतात आणि हसतात. मी म्हटले, “आप्पा असे कधी हसत नसत.”

“म्हणूनच केलं,” नाना म्हणाला.

मी त्याला पुन्हा एकदा लावायला सांगितले.

जेवायला वरण-बट्टी. बट्टी दगडासारखी. सूनबाईला वाईट वाटू नये म्हणून मी बेताने विचारले, “सुनिता, प्रमाण नीट घेतलं होतंस ना?”

“आत्या, प्रमाण तुम्ही पाठवलंच नाही. मी आपलं अंदाजे केलं.”

“नानाकडे पाठवलं होतं.”

नाना म्हणाला, “माझ्याकडं तू त्या कॅमेऱ्याच्या बाईचा आवाज पाठवलास. कसला स्फोटक. मी विचारलं सुद्धा, खरं आहे का? तू लिहिलंस, शंभर टक्के. मी म्हटलं, सुनंदा एवढी खात्री देते म्हणजे खरंच. सगळ्या ग्रुपवर टाकला. आमच्या ज्येष्ठ नागरिकांत, लग्नजुळवणीत, भुसावळच्या मित्रांत. एकानं तर विचारलं, मुलगी लग्नाची आहे का.”

मी हातातली बट्टी संपवली. उठण्याचे धैर्य नव्हते. सुनिताने वर तूप घातले, तेही खाल्ले.

बसमध्ये डोळे मिटून घेतले. कोणी माझ्या फोनमध्ये शिरले नव्हते. मीच.

१२ जानेवारी, सोमवार

फोन डाळीच्या डब्यातून काढला. आता त्याला कोंडून काय उपयोग.

ललिताला सांगायचे म्हणून सकाळीच तिच्या घरी गेले. अंगणात ढोल, आत पत्रकांचे गठ्ठे, बाया चहा गाळत होत्या. तिच्यापर्यंत पोचता आले नाही. चुडामण मध्ये उभा. आज पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ पाहिले.

“बाई, एक काम करा. उद्या चौकात शेवटली सभा शे. तुम्ही दोन शब्द बोला. आवाज तिचा नाही, एवढंच. तुमच्या शब्दावर इथं कोणी बोलत नाही.”

“मला तिच्याशी बोलायचे आहे.”

“तिच्याशी नको, बाई. तिला बोलू द्या, तिला जमतंय. तुम्ही सभेला या.”

येते म्हणाले. घरी येऊन दोन वाक्ये लिहिली. पहिले: तो आवाज ललिताचाच आहे. दुसरे: तो तुमच्यापर्यंत माझ्या हातून पोचला. चार वेळा खोडून पुन्हा तीच लिहिली. यापेक्षा चांगली होत नाहीत.

पहिल्या वाक्याने ती पडणार. न बोलले तर यशोदाबाई पहाटे पोत आणि बांगड्या घालून अंधारातून जाणार, त्या आंधळ्या डब्याच्या भरवशावर. ललितानेच सांगायला हवे होते. पण ‘लोकांना सांग’ असे म्हणायला मी तिला वेळेवर बोलावले कुठे?

१३ जानेवारी, मंगळवार

सभा झाली. नीट लिहायला हवे.

दुपारचे ऊन, चौकात चुडामणचा लाल-पिवळा मंडप आणि नेमका कॅमेऱ्याचा खांब मंडपातूनच वर निघालेला. खुर्च्या भरल्या होत्या. एका टोकाला कुंदनही आपल्या चार माणसांसह उभा होता, चहा पीत, चहा ललिताकडचाच. मी उशिरा पोचले आणि मागे उभी राहिले. पर्समध्ये दोन वाक्ये.

ललिता छान बोलते, हे मला माहीत नव्हते. माझ्यापुढे ती कधी इतकी बोललीच नाही. “भाऊबहिणीसहोन,” अशी सुरुवात केली आणि लोक हलले. पाण्याच्या टाकीवर बोलली, कचऱ्याच्या गाडीवर बोलली, सासूला लाजणाऱ्या सुनेची नक्कल करून भाविकाच्या फलकावर बोलली. कुंदनसुद्धा हसला. मग म्हणाली, “आते तो आवाज. तो आवाज मना नही शे. मशीननी करामत शे. माले आशी भाषा येस का? तुम्हीच सांगा.”

“नही येत,” पुढच्या बाया एकसुरात म्हणाल्या.

तेव्हा तिची नजर मागे गेली आणि तिने मला पाहिले. मी उन्हात उभी होते. माईक तिच्या तोंडाशीच होता.

“बाई, आपण उभ्या का आहात? पुढे या ना. कोणीतरी बाईंना खुर्ची द्या. आपल्याला उन्हाचा त्रास होतो.”

भोंग्यातून ते चौकभर गेले. गेले पाच दिवस लोकांनी तो निरोप इतक्या वेळा ऐकला होता की तोच घसा, तेच ‘आपल्याला’, तोच ‘त्रास’, सर्वांना एकदम ओळखू आला. ललिताच्याही लक्षात आले. तिने माईककडे असे पाहिले की जणू त्यानेच बोलून टाकले.

यशोदाबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या शेजारणीला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, “व माय, हाई तं तेच एआय बोलनं.”

हशा पिकला आणि मध्येच थांबला. चुडामण माईक घ्यायला पुढे झाला. मी पर्स उघडली, चष्मा शोधत होते. माझे बोलायचे ठरले होते.

ललिताने चुडामणचा हात बाजूला केला.

“आवाज मनाच शे,” ती म्हणाली. “कॅमेरा बंद शेतस. पहिला दिनपासून बंद शेतस. मी खोटं बोलनू.” मग खांबाकडे बोट करून, “यशोदामाय, तू पोत काढी ठेव. तो तुले देखत नही.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. यशोदाबाईंनी पदर गळ्याभोवती ओढून घेतला आणि कॅमेऱ्याकडे असे पाहिले की मला त्याची कीव आली. तोताराम म्हणाले, “म्हणजे आम्ही इतके दिवस भिंतीवर न थुंकता उगाच राहिलो.” त्यावर मात्र सगळे हसले, ललिता सोडून. मग प्रचाराची वेळ संपली आणि पोलिसांनी भोंगा बंद करायला लावला.

माझी दोन वाक्ये पर्समध्येच राहिली. पहिल्याची गरज उरली नाही. दुसऱ्याची आहे.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

ललिता आली. नेहमीसारखी चप्पल बाहेर नीट जोडून. मी तिला बसवले, पाणी दिले आणि आधी माझे सांगून टाकले. बट्टीपासून, नानापर्यंत, ‘घरोघरी कळू दे’सकट. सांगताना आवाज वर्गातल्यासारखा झाला, त्याला इलाज नव्हता.

ती ग्लास फिरवत ऐकत राहिली. म्हणाली, “माहीत आहे, बाई. आठ तारखेलाच कळलं. मी तो दुसऱ्या कुणाला पाठवलाच नव्हता.”

मला हे कसे सुचले नाही, याचा विचार दिवसभर करते आहे.

“मग बोलली का नाहीस? यायचे, भांडायचे.”

“तुमच्याशी?” ती हसली. “आवाज माझा म्हटला असता तर पुढचा प्रश्न, कुणाला पाठवला होतास? मग सगळी कॉलनी तुमच्या फाटकाशी. एआय म्हटलं की कोणी काही विचारत नाही. मशीनला घर नसतं.”

“म्हणजे तू खोटे बोललीस ते माझ्यासाठी?”

तिने ग्लास खाली ठेवला. खोटे बोलू नये असे मी तिला शिकवले आहे आणि ती समोर बसून खरे काय ते शोधत होती.

“थोडं तुमच्यासाठी,” म्हणाली, “थोडं इस्त्रीसाठी. कितलं कोनसाठी, ते माले बी…” आणि थबकली.

मी ऐकले नाही असे दाखवले. नाही, तसेही नाही. मी म्हटले, “पुढे बोल.” पण ती, उद्या मते मिळणार नाहीत एवढे खरे, म्हणाली आणि उठली.

दारात तिळगूळ दिला. ‘गोड बोल’ म्हणायचे असते. मी नुसते ‘बोल’ म्हटले.

१५ जानेवारी, गुरुवार

मतदान केले. रांगेत तोताराम विचारत होते, यंत्रात एआय आहे का. कर्मचारी म्हणाला, “आजोबा, यात फक्त बटन आहे.” तोताराम म्हणाले, असंच बरं.

मत गुप्त असते. इथेही लिहीत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

ललिता पडली. भाविका निवडून आली. गुलाल कुंदनच्या डोक्यावर होता.

आमच्या गल्लीने मात्र ललिताला सोडले नाही, असे चुडामण म्हणाला. मी विचारले, मत गुप्त असते ना? तो म्हणाला, केंद्राकेंद्राचे आकडे येतात. मग गुप्त काय राहिले? तो खुर्च्या मोजत होता. सभेतल्या दोन गेल्या आहेत म्हणे आणि कॅमेरा तर बंद.

यशोदाबाई आता उजाडल्यावर दुधाला जातात, तोतारामांसोबत. पोत डब्यात. खांबाखालून जाताना तोंड फिरवतात. ललितावर मात्र राग नाही. “माय, तिनी सांगं तरी,” म्हणाल्या.

१८ जानेवारी, रविवार

कुंदन आणि भाविका आभार मानायला आले. कुंदनने पेढे टेबलावर ठेवले आणि बसायच्या आत बोलायला लागला. त्याने ठरवले आहे, प्रभागात आता साधे कॅमेरे नाहीत, एआयचे कॅमेरे. चेहरा ओळखतात. चोर कोण, साव कोण, क्षणात. गाडीचा नंबर वाचतात. संशयित माणूस चालण्यावरून ओळखतात.

“सुरक्षेत तडजोड नाही, बाई. मी सभेत पण हेच बोलणार.”

“निवडून कोण आले आहे?” मी विचारले.

तो हसला. “एकच की, बाई.”

मी भाविकाकडे वळले. तिला मी शिकवलेले नाही, ती शिरपूरकडची. आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, पेढ्याचा कागद नीट घडी करत होती. “तुझं मत काय?”

तिने नवऱ्याकडे पाहिले. नवरा बोलायला लागला. मी हात वर केला. वर्गात हा हात पुरत असे, इथेही पुरला.

भाविका म्हणाली, “नवीन कशाले? तारा जोडा ना आधी.” आणि लगेच जीभ चावून, “म्हणजे… आधी तारा जोडायला हव्यात, असं वाटतं.”

“पहिले बरोबर होते,” मी म्हटले.

ती पहिल्यांदा सरळ बसली. “ललिताताईंना ठाऊक असेल, कुठं अडलंय ते. त्यांच्याकडं जाते मी.”

“आत्ता? ती आपल्याविरुद्ध उभी होती,” कुंदन म्हणाला.

“खांब तर तठेच उभा शे,” भाविका म्हणाली, चप्पल घातली आणि गेली.

कुंदन पेढ्यांपाशी एकटा उरला. त्याला वाटले मी काही बोलेन. मी त्याला चहा दिला, आणि एआयचा कॅमेरा माणसाला चालण्यावरून कसा ओळखतो ते सविस्तर सांगायला लावले. त्याला सांगता आले नाही, पण बराच वेळ लागला. तेवढ्यात दोघी खांबाजवळ पोचल्याचे मला गॅलरीतून दिसले. ललिता वर बोट दाखवून काहीतरी सांगत होती आणि चुडामण शिडी घेऊन येत होता.